दोनशे हात

मोजणीदाराने तिसरी खुंटी ठोकायला घेतली तेव्हा दोरवाल्याला वाटले, माणूस मध्येच दम खायला थांबला आहे.

"साहेब, अजून पुढे," तो म्हणाला. "पार रस्त्यापर्यंत."

मोजणीदाराने टेप पुन्हा वाचला आणि कागदावर बोट ठेवले. "एक्क्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. म्हणजे दोनशे हात. हुकूमनाम्यात एवढंच आहे. पुढचं सगळं सिस्टरचं."

"पण दोर तर इथून होत नाही."

"दोराचं मला माहीत नाही. मी जमीन मोजतो."

तिसरी खुंटी जमिनीत गेली, पाठोपाठ चौथीही. त्या दोन खुंट्यांच्या पुढे पायाखालची कडक, गवत न उगवणारी चार हात रुंदीची वाट तशीच रस्त्याकडे गेलेली होती, आणखी शंभर हात.

ही वाट म्हणजेच दोरवाल्याचा कारखाना. मागच्या टोकाला त्याच्या घराच्या भिंतीशी तीन लोखंडी आकड्यांचे चाक होते, पुढच्या टोकाला रस्त्याजवळ गाडा. गाडा म्हणायचे, पण त्याला चाके नव्हती. जाड फळ्यांवर दगडांचे वजन ठेवलेले असे आणि तो जमिनीवरून घासत सरकायचा. चाक आणि गाडा यांच्यामध्ये घायपाताचे सूत ताणायचे, चाक फिरवून त्याचे तीन पेड करायचे आणि तिन्ही पेड एकमेकांत वळून दोर करायचा. दोरवाला, त्याचा बाप, त्याचा आजा आणि त्याच्या आधीचा एकजण, ज्याचे नाव आता कुणाला आठवत नव्हते, या वाटेवरून मागे-पुढे चालत आले होते. जमिनीचा कागद मात्र सिस्टरच्या वडिलांच्या नावावर होता, त्यांच्यानंतर सिस्टरच्या; ती नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. दावा तेवीस वर्षे चालला.

महिन्यापूर्वी तडजोड झाली ती कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. तडजोड करून देणारे निवृत्त न्यायाधीश पाठदुखीने हैराण होते आणि उशीला टेकून बसले होते. जुन्या कैफियतीचे पान उलटून ते म्हणाले, "यांच्या वडिलांनी मागितलंय दोनशे हात लांब, चार हात रुंद. तेवढ्यावर यांचा कायमचा वहिवाटीचा हक्क. बाकीची जमीन मालकिणीची, मोकळी. चालेल?" सिस्टर म्हणाली, चालेल. न्यायाधीशांनी दोरवाल्याला विचारले, "तुमची जागा दोनशेच ना?" दोरवाला म्हणाला, "हो साहेब, दोनशेच." दहा मिनिटांत सह्या झाल्या. बाहेर आल्यावर वकिलाने त्याचा हात हातात घेतला होता.

कुणीही खोटे बोलले नव्हते. दोर वळणारे लोक जागा मोजतात ती तिच्यातून निघणाऱ्या दोराने. ज्या जागेत दोनशे हातांचा दोर होतो ती दोनशेची जागा. सूत तीनशे हात ताणावे लागते आणि पीळ बसला की त्यातले शंभर हात आखडून जातात, हे त्यांच्यात लहान मूलही धरून चालते. तेवीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला, म्हणजे दोरवाल्याच्या बापाला, जागा किती म्हणून विचारले, त्याने दोनशे सांगितले. ते पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत गेले. जागा बघायला कोर्टाने चार वेळा माणूस नेमला. पहिला आजारी पडला, दुसऱ्याची बदली झाली, तिसऱ्याने भलत्याच जागेचा अहवाल दिला आणि चौथा रस्त्यावरून बघून गेला. चालून कुणीच पाहिली नाही.

वकील अर्ध्या तासात स्कूटरवरून आला. हेल्मेट न काढताच त्याने खुंट्या पाहिल्या.

"तेवीस वर्षं मी तुमचा वकील आहे. आणि हे मला आज कळतंय?"

"तुम्ही विचारलं कधी?"

"लांबी विचारली नव्हती?"

"लांबी सांगितली होती."

"दोराची!"

"मग दोरवाला कशाची सांगणार?"

दोरवाल्याचा मेहुणा आणि बायको खुंट्यांपाशी येऊन उभे राहिले होते. मेहुण्याला गप्प राहणे कधी जमले नव्हते. "शिंप्याला विचारा कापड किती, तर तो सदरा दाखवत नाही, भावजी. आपलेच लोक जगावेगळे."

"तू सूत बघ," दोरवाल्याची बायको म्हणाली. "जगाचं नंतर बघ."

वकिलाने हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवले. "दुरुस्तीचा अर्ज करता येईल. सिस्टरची संमती असेल तर दोन महिने."

"आणि नसेल तर?"

वकिलाने बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली आणि चौथ्या बोटावर सोडून दिले. "माझी मुलगी आता वकिली करते," तो म्हणाला. "ती बघेल."

दोरवाला खुंटीजवळ उकिडवा बसला. बंदरावरच्या होड्यांना दोनशे हातांचा अखंड दोर लागतो. दोन तुकडे सांधले की सांधा कप्पीत अडकतो, आणि अडकलेला दोर समुद्रात माणसाचे बोट घेऊन जातो. दोनशे हात जागेत एकशेतेहतीस हातांचा दोर होतो. तसला दोर कुणीच मागत नाही. नायलॉनचा बाजारात हवा तेवढा लांब मिळतो. घायपाताचा दोर अजून मागणारे अकरा होडीवाले उरले होते, ते त्याच्याकडे येत ते याच एका लांबीसाठी.

चाकाशेजारी खुर्चीत म्हातारा बसला होता. शहाऐंशी वर्षांचा. मांडीवर चिंधी आणि तेलाची वाटी. चाकाच्या आकड्यांना तेल लावणे एवढे काम त्याने अजून कुणाला दिले नव्हते. मुलगा येऊन उभा राहिला तरी तो तेल लावतच राहिला.

"दोनशे मीच सांगितलं," शेवटी तो म्हणाला.

"मीही तेच सांगितलं, बाबा."

"तू माझं ऐकून सांगितलंस."

अकराच्या सुमाराला सिस्टर रिक्षातून उतरली आणि वाटेने सावकाश चाकापर्यंत आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नकाशाची गुंडाळी. छत्तीस वर्षे तिने वॉर्डांत काढली होती आणि सगळा काळ राहिली होती हॉस्पिटलच्या खोल्यांत, जिथे भिंतीला रंग कोणता द्यायचा तेही ऑफिस ठरवायचे. निवृत्तीनंतर ती भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहत होती. चौसष्ट पायऱ्या. गुडघे दोन्ही गेलेले. नकाशातल्या घराला एकही पायरी नव्हती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, उतरता उंबरठा. जमीन लांबट पट्ट्यासारखी होती आणि तिला रस्ता एकाच टोकाला लागत होता, म्हणून घर तिथेच बसणार होते. चौथ्या खुंटीपाशी आडवी कुंपणाची भिंत. घराचा नकाशा मंजूर होऊन आठवडा झाला होता.

"सिस्टर, चूक झाली," दोरवाला म्हणाला.

"कुणाची?"

"आमचीच."

"मग ठीक आहे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चूक आपली म्हणतंय."

त्याने सांगितले. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिली. रुग्णाचे नातेवाईक बोलतात तेव्हा नर्स ऐकते तशी.

"आणि हे तुम्हाला खुंट्या ठोकल्यावर आठवलं."

"आठवायला विसरलो कुठे होतो, सिस्टर? आम्हाला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

"मला काय वाटतंय सांगू? तुम्ही मला पुन्हा तारखांना नेताय." तिचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या तारखेला गेले तेव्हा माझे केस काळे होते. त्या जिन्याचा कठडा कुठे सैल आहे तेसुद्धा मला पाठ झालंय. आता माझ्याच्याने नाही होत."

"माझ्याच्याने तरी कुठे होतंय?"

"सुंभ जळतो, पीळ जळत नाही," ती वकिलाकडे बघून म्हणाली. "ही म्हण कुणीतरी यांच्याच घरात बसून केली असणार."

"सुंभ आम्ही करत नाही," खुर्चीतून म्हातारा म्हणाला. त्याला दूरचे ऐकू येत नाही असे सगळे धरून चालत. "ते काथ्याचं काम. वेगळे लोक."

सिस्टर पहिल्यांदाच थोडी हसली. मग तिने वाटेवर नजर टाकली. पहाटेपासून ताणून ठेवलेले सूत चाकापासून गाड्यापर्यंत तीन जुड्यांनी पसरले होते, मोजणी उरकण्याची वाट बघत. "तीनशेचे दोनशे होतात म्हणता. बोलणी ऐकून ऐकून माझे कान किटले. दाखवा."

गाडा बघायला ती परत रस्त्याच्या टोकाला गेली, पण तिथे बसायला काही नव्हते. ती गाड्यावरच्या दगडांवर बसली.

"सिस्टर, उठा," मेहुणा म्हणाला. "गाडा सुटणार आता."

"उठण्याचीच पंचाईत आहे. दगड कशासाठी ठेवता?"

"वजन लागतं. सूत ताणलेलं राहायला."

"मग मला धरा त्यात. पन्नास किलो. परवाच बघितलंय."

मेहुण्याने भावजींकडे पाहिले. दोरवाल्याने क्षणभर विचार केला. "दोन मोठे दगड काढ," तो म्हणाला. "पंचवीस-पंचवीसचे." मेहुण्याने दगड उतरवून ठेवले. सिस्टरने काठी मांडीवर आडवी घेतली. वकिलाला काय करावे सुचेना, त्याने तिचा नकाशा सांभाळायला घेतला.

बायकोने चाक फिरवायला सुरुवात केली. काही वेळ काहीच झाले नाही, फक्त सुताच्या तीन जुड्या थरथरल्या आणि त्यांच्यातून बारीक धूळ उडाली. मग गाडा बोटभर सरकला. थांबला. पुन्हा बोटभर. नंतर वितीवितीने सरकू लागला, फळ्यांखालून खरखर आवाज करत. सिस्टरने दोन्ही हातांनी कड पकडली. दोरवाला तिच्या बाजूने चालत होता, जुड्यांवर तळहात फिरवत, कुठे पीळ कमी बसला ते चाचपत.

"हे काय, माझं पुढचं दार गेलं," थोड्या वेळाने ती म्हणाली.

दोरवाला जुडीवरचा हात न उचलता चालत राहिला.

"ही पहिली खोली. कपाट या बाजूच्या भिंतीला."

गाडा पन्नास हात सरकल्यावर चाक थांबवले. पेड तयार झाले होते. मेहुण्याने तिन्ही पेडांमध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा बसवला, गाड्याकडची तिन्ही टोके एकाच आकड्यात अडकवली आणि चाक पुन्हा फिरू लागले. आता ठोकळ्यामागे खराखुरा दोर दिसू लागला, तीन पेड एकमेकांवर चढत, आणि गाडा पुन्हा निघाला. सिस्टरने उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला. स्वयंपाकघर गेले. न्हाणीघर गेले. पाण्याची टाकी जिथे बसणार होती तिथे गाडा एका मुळावर अडला; मेहुण्याने पहारीने उचकटून वाट दिली.

"दर वेळी अडतो का इथे?"

"दर वेळी," दोरवाला म्हणाला. "आजोबांपासून."

पन्नास मिनिटे लागली. गाडा थांबला तेव्हा त्याची पुढची कड खुंट्यांच्या अगदी जवळ होती. मोजणीदार जेवणाची सुट्टी सोडून थांबला होता. त्याने सवयीने टेप लावला. "खुंटीच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, बेचाळीस सेंटिमीटर."

"गिऱ्हाइकाला हातभर जास्त द्यायचा असतो," दोरवाला म्हणाला.

सिस्टर उतरली नाही. तिने पाणी मागितले. बायको चाक सोडून पाणी घेऊन आली, तळहात लाल झालेले. सिस्टरने तांब्या घेण्याआधी तिचे हात उलटून पाहिले आणि मग पाणी प्यायली.

"तुमचं खरं आहे," मग ती दोरवाल्याला म्हणाली. "पण मी दुरुस्तीवर सही करणार नाही."

वकील पुढे झाला. "सिस्टर, तुम्ही स्वतः बघितलंत—"

"बघितलं म्हणून तर खरं आहे म्हणाले. हक्क म्हणून शंभर हात लिहून दिले की माझी हद्द बदलते. हद्द बदलली की नकाशा पुन्हा मंजुरीला. एक वर्ष धरा. मी एक्काहत्तर वर्षांची आहे. वर्ष कसं निघतं ते मी वॉर्डात रोज बघत होते." तिने नकाशा मागून घेतला आणि गाड्यावरच उलगडला. "घराच्या बाजूनं चार हात मोकळं सोडायचा नियमच आहे. ही वाट त्याच बाजूनं जाते. टाकी मी दुसरीकडे नेते. कुंपणात इथे एक दार, रस्त्याकडे एक दार. दोर वळायचा त्या सकाळी उघडी ठेवीन. सूत न्या. गाडा न्या. पण परवानगी म्हणून. दर वर्षी लिहून द्यायचं, की हे शंभर हात सिस्टरच्या परवानगीनं वापरतो, आमचा त्यावर काही हक्क नाही."

"लिहून कशाला?" बायको म्हणाली. "तोंडी चालणार नाही का?"

"बाई, तोंडी वापरता वापरता त्याचीच वहिवाट होते. हे मला तुमच्याच घरानं शिकवलंय."

वकिलाने मान हलवली, म्हणजे कायदा बरोबर आहे. मग सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. दावा दाखल होण्याच्या आदल्या महिन्यात सिस्टरचे वडील असाच एक कागद घेऊन याच वाटेवर आले होते. वाटेल तितकी वर्षे वापरा, फक्त माझ्या परवानगीने वापरता एवढे लिहून द्या, असे म्हणाले होते. म्हातारा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. ही जमीन आमच्या पायांनी कडक झाली, परवानगी कुणाची घ्यायची, असे म्हणून त्याने त्यांना रस्त्यापर्यंत पोचवले होते. ते पुन्हा आले नाहीत. समन्स आले.

"तेव्हा तीनशे हातांवर परवानगी मिळत होती," वकील सावरून म्हणाला. "आता दोनशेवर कायमचा हक्क आहे. हे लक्षात घ्या. काहीच मिळालं नाही असं नाही."

"दोनशे हातांत दोर होतो एकशेतेहतीसचा," बायको म्हणाली. "त्या हक्काला तेल लावून ठेवू का?"

"ताई, तू वकील व्हायला हवी होतीस," मेहुणा पुटपुटला.

दोरवाला गाड्यापासून चालत चाकापर्यंत गेला. दोनशे हात. नवा दोर त्याच्या कमरेच्या उंचीवर ताणलेला होता आणि जाताना त्याने त्याला हात लावला नाही. म्हाताऱ्यासमोर तो उकिडवा बसला आणि सिस्टरची अट त्याने सांगितली.

"ऐकलंत, बाबा?"

"ऐकलं."

"काय करू?"

"मला विचारून सही करणार, की सही करून मला सांगणार?"

"विचारतोय."

म्हाताऱ्याने चिंधीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "तुझ्याजागी मी असतो तर नसती केली," तो म्हणाला. "पण तुझ्याजागी मी होतो, आणि काय झालं ते तू बघतोच आहेस." त्याने खुर्चीच्या हातावर भार दिला. "मला आत ने आधी. मग काय ते कर."

दोरवाल्याने त्याला काखेत हात घालून उठवले. अंगणातून दारापर्यंत बारा पावले, त्याला चार मिनिटे लागली. खाटेवर बसवल्यावर म्हातारा म्हणाला, खिडकी लाव, ऊन येते. खिडकी सावलीच्या बाजूला होती. दोरवाल्याने लावली.

तो परत आला तेव्हा वकिलाने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मजकूर लिहिला होता. दोन प्रती. सिस्टरने एक शब्द खोडायला लावला आणि एक घालायला.

"महिन्यातून किती सकाळी?" तिने विचारले.

"दहा."

"आठ. आणि सातच्या आधी नाही. मी आयुष्यभर पाचला उठलेय."

"उन्हाळ्यात सातला सुरू केलं तर दोर संपेपर्यंत चटके बसतात."

"उन्हाळ्यात सहा."

वकिलाने लिहिले. दोरवाल्याने कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. 'सदर शंभर हात जागेवर आमचा कोणताही हक्क नाही व पुढे सांगणार नाही.' तिथे बोट थांबले.

"तुमच्यानंतर काय, सिस्टर?"

"माझ्यानंतर भाची. ती लांब असते. तिच्याशी तुम्हाला बोलावं लागेल."

"ती ऐकेल?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

त्याने हात धोतराला पुसले, तरी पहिल्या प्रतीच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला. सही करून त्याने तारीख घातली. दुसऱ्या प्रतीवर त्याने पेन अलगद धरले आणि सावकाश सही केली. मोजणीदाराने साक्षीदार म्हणून नाव लिहिले आणि निघून गेला, त्याला जेवायला उशीर झाला होता.

सिस्टरला उठवायला दोघे लागले, एका बाजूने बायको, एका बाजूने मेहुणा. उभी राहिल्यावर ती थोडा वेळ तशीच थांबली, गुडघ्यांत जोर येईपर्यंत. पुढे रिक्षापर्यंत शंभर हात चालायचे होते.

"कुंपणाचे लोक सोमवारी येणार आहेत," ती म्हणाली. "दार किती रुंद लागेल?"

दोरवाला गाड्याशी गेला आणि फळ्यांची रुंदी मोजू लागला. या वेळी त्याने मोजणीदाराच्या टेपचा आकडा वकिलाच्या कागदामागे लिहून घेतला असता, पण टेप गेला होता. त्याने हाताने मोजले, मेहुण्याला मोजायला लावले, आणि दोघांचे जुळल्यावरच आकडा सांगितला.

"गाड्याची ना?" सिस्टरने विचारले. "की दाराची?"

"गाड्याची. दार त्याहून वीतभर जास्त. दोन्हीकडून."

"लिहून द्या," ती म्हणाली.